सातवीतली मुलं ‘बिघडतात’ तेव्हा काय चाललेलं असतं?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पाचवीत ज्या वर्गानं तुम्हाला जीव लावला, हात वर करकरून बाक हलवले, तोच वर्ग सातवीत आला आणि बिघडला. मुलगे उलट उत्तरं देतात, मुली विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, पहिल्या पाचांतली दोन-तीन मुलं वही काढायलाही तयार नाहीत. टीईटीसाठी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठी, बालमानसशास्त्राचे ३० गुण पक्के केले होते, मुलांचा विचार कसकसा वाढतो हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या अवस्था अजून तोंडपाठ आहेत, पण सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर त्यांचा उपयोग काय, असं तुम्ही विचारता.

मी सत्तावीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवलं, आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणांत याच वयाबद्दल बोलते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पटली आहे. सातवीच्या वर्गात जे आपल्याला मुलाचं वळण वाटतं, ते पुष्कळदा त्याच्या वाढीचं वेळापत्रक असतं. आणि वर्गात चाळीस मुलं असतील तर वेळापत्रकंही चाळीस असतात.

उद्या परिपाठाला वर्ग उंचीप्रमाणे उभा राहील तेव्हा नीट बघा. रांगेच्या शेवटी एखादी मुलगी शाळेतल्या बाईंएवढी दिसेल, आणि पुढचा मुलगा तिच्या खांद्याला जेमतेम लागेल. दोघांची जन्मतारीख एकाच वर्षातली. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारण ८ ते १३ या वर्षांत कधीही सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वर्षांत. मुलींची उंची सगळ्यांत वेगानं बाराव्या वर्षाच्या आसपास वाढते, मुलग्यांची चौदाव्याच्या. म्हणजे हजेरीपटावर सगळ्यांचं वय बारा असलं तरी शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचं अंतर पडलेलं असू शकतं. आपण मात्र सगळ्यांना एकाच मापानं मोजतो.

याचा सगळ्यांत जास्त त्रास दोघांना होतो. एक, लवकर अंगानं भरलेली मुलगी. तिला घरी आणि शाळेत एकच वाक्य ऐकावं लागतं, ‘एवढी मोठी घोडी झालीस, तरी कळत नाही?’ तिला कळत नाही, कारण ती बारा वर्षांची आहे. शरीर पुढे गेलं म्हणून समज त्याच वेगानं पुढे जात नाही. ती खांदे पाडून, दप्तर छातीशी धरून बसते, खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणते. दुसरा, उशिरा वाढणारा मुलगा. कबड्डीत त्याला कोणी घेत नाही, पोरं ‘बारक्या’ म्हणतात. मग तो एक तर वर्गाचा विदूषक होतो, नाही तर आपल्याहून लहान मुलांना धरून मारतो. ही दोन्ही मुलं तुमच्या ‘बिघडलेल्या’ यादीत असतील, असं मला वाटतं.

म्हणून पहिलं काम. भिंतीवर टेप चिकटवा आणि जूनमध्ये व जानेवारीत प्रत्येकाची उंची मोजा. मोजताना एकेकाला आत बोलवा, आकडा मोठ्यानं वाचू नका, वहीत लिहा. मुलगा वाढीच्या भरात असेल तर वर्षाला ९-१० सेंटीमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत चार-पाच. असा मुलगा कायम भुकेला असतो, पेंगतो आणि जाता-येता बाकाला धडकतो, कारण हातपाय आधी लांब होतात आणि धड मागून येतं. आपले पाय कुठे संपतात याचा अंदाज त्याला पुन्हा बसवावा लागतो. माझ्या वर्गात पाण्याचा माठ फोडणारा मुलगा त्या वर्षी सगळ्यांत वेगानं वाढणारा होता. माठ फुटला तेव्हा ही वही माझ्याकडे नव्हती, आणि मी त्याला धसमुसळा म्हणून मोकळी झाले.

आता उलट उत्तरांकडे येऊ. मेंदूतला भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारा भाग वयात येताना एकदम तल्लख होतो. कपाळामागचा, आवर घालणारा आणि पुढचा विचार करणारा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. हे तुम्ही वाचलेलं असेल. पण वर्गासाठी याहून उपयोगी असा एक प्रयोग आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली तो प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावरही गाडी पुढे दामटली तर गुण वाढतात, पण मध्येच भिंत आडवी आली तर कमावलेलं जातं. १३ ते १६ वर्षांची मुलं एकटी खेळताना बऱ्यापैकी सांभाळून खेळली. मित्र शेजारी बसून बघू लागले तेव्हा तीच मुलं कितीतरी जास्त धोका पत्करू लागली. चोविशीपुढच्या माणसांना मात्र मित्र बघताहेत की नाहीत याचा फारसा फरक पडला नाही.

हे आता तुमच्या वर्गात आणा. तुम्ही फळ्याजवळून विचारता, ‘वही कुठाय रे?’ चाळीस माना वळतात. त्या क्षणी त्याच्यासमोर तुम्ही नसताच, चाळीस मित्र असतात. तो म्हणतो, ‘नाही आणली. काय करणार?’ तुम्ही आवाज चढवलात की भिंत आडवी आलीच. हाच प्रश्न त्याच्या बाकाजवळून जाताना, न थांबता, हळू विचारा : ‘वही राहिली का? मधल्या सुट्टीत भेट.’ आणि पुढच्या बाकाकडे जा. मधल्या सुट्टीत तो एकटा येईल, आणि दहापैकी आठ वेळा तुम्हाला वेगळाच मुलगा भेटेल. वर्गासमोर उभं करणं, टाकून बोलणं याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेही बंदी आहे. तिथं शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळही लिहिलेला आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण चारचौघांत अपमान झालेलं मूल वर्ष संपेपर्यंत तुमच्याकडून काही शिकत नाही.

मुलींच्या गप्प बसण्याचं मूळही जवळपास इथेच आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. या वयातल्या मुलाला सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत : नाकावरच्या पुळीकडे, केसांकडे, उसवलेल्या बाहीकडे. आपण म्हणतो, ‘अगं, कोण बघतंय तुला!’ तिच्या मनात मात्र नाट्यगृह भरलेलं असतं.

हे मी एका मुलामुळे शिकले. पाचवीपासून प्रार्थना तोच सांगायचा. गोड, वरचा, खणखणीत गळा. सातवीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं नकार दिला. मी आग्रह केला तर मान फिरवून म्हणाला, ‘मला नाही गायचं.’ मी शिक्षकखोलीत सांगितलं की पोराला माज चढलाय, आणि परिपाठाच्या गटातून त्याचं नाव काढून टाकलं. महिन्याभरानं विज्ञानाच्या तासाला तो उत्तर द्यायला उठला आणि वाक्याच्या मध्येच त्याचा आवाज चिरकला, खाली घसरला, पुन्हा वर गेला. वर्ग खदाखदा हसला. तो बसला तो दिवसभर बोलला नाही. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा तो शेवटी जवळजवळ एक सप्तक खाली येतो, आणि येताना काही महिने ताब्यात राहत नाही. ज्या मुलाची शाळेतली सगळी ओळख गळ्यावर उभी होती, त्याचा गळाच त्याला दगा देत होता. आणि मी त्याला माज म्हटलं होतं.

मी त्याला बोलावून सरळ सांगितलं, ‘आवाज फुटतोय ना तुझा? मला आधी समजलं नाही, चुकलं माझं. काही महिन्यांनी बसेल तो.’ तो काही बोलला नाही, पण डोळे भरले. दुसऱ्या दिवसापासून परिपाठाला ढोलकी त्याच्याकडे दिली.

पियाजेचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. खूप आहे, फक्त तो प्रश्नपत्रिकेतून बाहेर काढावा लागतो. अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास अमूर्त विचार सुरू होतो, हे आपण पाठ केलं. तो सुरू होताना प्रत्यक्ष दिसतो कसा? पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना लंबक दिले होते. तेच करा. दोरा, दोन-तीन वजनांचे नट आणि भिंतीवरचं घड्याळ एवढं पुरे. गटाला विचारा : झोका भरभर व्हायला काय बदलावं लागेल? दोऱ्याची लांबी, नटाचं वजन, की किती लांबून सोडला ते? पाचवीचा गट लांब दोऱ्याला जड नट बांधतो, आखूड दोऱ्याला हलका, आणि निकाल देतो, ‘जड म्हणून सावकाश हलतोय.’ दोन गोष्टी एकदम बदलल्या हे त्यांच्या ध्यानात येत नाही, आणि तुम्ही सांगितलं तरी पटत नाही. सातवीत मात्र कधीतरी एखादी मुलगी म्हणते, ‘थांबा, नट तोच ठेवू. फक्त दोरा बदलून बघू.’ त्या वाक्याची वाट बघा. एक मीटर दोऱ्याला दहा झोके (जाऊन परत आला की एक) व्हायला वीस सेकंद लागतात, पंचवीस सेंटीमीटरला दहा सेकंद. नट कोणताही लावा, काही फरक पडत नाही. तो आकडा स्वतः काढल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मी कधी विसरले नाही.

पण त्याच गटात दोन मुलं तोंड उघडं टाकून बघत असतात, त्यांना अजून ते दिसत नाही. ती ढ नाहीत. हा विचार सगळ्यांना एकाच वर्षी येत नाही, आणि एकाच मुलाला सगळ्या विषयांत एकदम येत नाही. आठवडी बाजारात आईशेजारी बसून पावणेदोन किलो वांग्यांचा हिशोब तोंडी करणारा मुलगा फळ्यावरच्या समप्रमाणाच्या उदाहरणाला अडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांवर १९८५ साली असाच अभ्यास झाला. गाडीपाशी अचूक असणारी मुलं कागदावर तेच हिशोब चुकत होती. म्हणून बीजगणित सुरू करताना अक्षर एकदम फळ्यावर लिहू नका. काड्यापेटीच्या काड्यांचे एकाला एक लागून चौकोन मांडायला द्या. एकाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. ‘शंभर चौकोनांना किती? मांडायला जागा नाही’ असं म्हटलं की मुलं नियम शोधतात. तो नियम लिहिताना अक्षराची गरज त्यांची त्यांनाच भासते.

आणि हीच नवी ताकद तुम्हाला उलट उत्तरांतही ऐकू येते. ‘असं नसतं तर?’ हा विचार करता येऊ लागला की मूल लंबकापाशी थांबत नाही. वर्ग मुलींनीच का झाडायचा? सर चहा पितात मग आम्ही पाणी प्यायला का उठायचं नाही? आमच्या वस्तीतली मुलं मागेच का बसतात? हे प्रश्न उद्धटपणे येतात, कारण ते नम्रपणे विचारायचा सराव अजून झालेला नाही. पण प्रश्न खरे आहेत. त्यांतला एखादा तरी मान्य करून शाळेत बदल करा. झाडण्याच्या पाळ्या मुलं-मुली मिळून लावा. आपलं म्हणणं ऐकलं जातं हे दिसलं की भाषा आपोआप निवळते.

पहिल्या पाचांतली मुलं मागे का पडली, याचं एक कारण आपल्या कौतुकात असू शकतं. पाचवीत आपण त्यांना ‘हुशार, हुशार’ म्हटलं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्याच मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांतली बरीचशी सोप्या कामाकडे वळली, आणि अवघड प्रश्नांत आपटल्यावर त्यांचा धीरही लवकर सुटला. सातवीचं गणित पहिल्यांदा अडतं तेव्हा अशा मुलाला वाटतं, आपली हुशारी संपली. वही न काढणं त्याला ‘ढ’ ठरण्यापेक्षा बरं वाटतं. त्याच्या वहीत काय बरोबर केलं ते नेमकं लिहा : ‘चिन्ह बदलायचं लक्षात ठेवलंस, आता कंसाकडे बघ.’

झोप आणि पोट हे विषय आपण घरचे म्हणून सोडून देतो, पण ते वर्गात येऊन बसतात. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. राज्य सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण उशिरा झोप येण्याची शारीरिक अडचण खरी मोठ्या मुलांची आहे, आणि सातला भरणारी शाळा बहुधा त्यांचीच असते. मोबाईल हे कारण आहेच, पण एकमेव नाही. मुख्याध्यापकांशी बोलून निदान पहिल्या तासाला गणित नको, कार्यानुभव किंवा खेळ घ्या. एवढं आपल्या हातात असतं.

मुलींच्या बाबतीत रक्ताकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तुमच्या मुली त्याच उंबरठ्यावर आहेत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिचडीनंतर द्या, उपाशीपोटी मळमळतं म्हणून त्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. मुलांसमोर तुम्हीही घ्या. ज्या मुलीला आपण आळशी म्हणतो ती दोन जिने चढून धापा टाकत असते.

आणि हजेरीपट एकदा मुलींच्या नावांपुरता उघडून बघा. दर महिन्याला सलग तीन-चार गैरहजेऱ्या एकाच सुमाराला दिसल्या, तर ती मुलगी शाळेला कंटाळलेली नाही, शाळेत पाणी, कडी लागणारं दार आणि पॅड टाकायला जागा नाही. तुम्ही पुरुष शिक्षक आहात म्हणून अवघडून जाऊ नका. एवढंच जाहीर करा की कोणतीही मुलगी कारण न सांगता वर्गाबाहेर जाऊ शकते, आणि पॅडचा डबा कुठे आहे ते तिला बाईंनी किंवा आशाताईंनी सांगून ठेवलेलं असेल. मुलग्यांनाही त्यांच्या शरीराबद्दल नीट माहिती द्या, नाही तर ती मोबाईलवरून येते, आणि फार वाईट रूपात येते.

आता या सगळ्याची उलट बाजू, आणि इथे मला फार काळजी वाटते. ‘वय आहे, जाईल’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात अशाही गोष्टी असतात. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, आवडत्या खेळातूनही उठून जाणं, जेवण टाकणं, मनगटावरचे व्रण, मरणाची भाषा, एखाद्या ठरावीक माणसाची अचानक भीती. ही वाढ नाही. मुलाशी त्याच दिवशी एकट्यानं बोला. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, पालकांना बोलवून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराबद्दल मूल काही बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. खोदून खोदून विचारू नका, एकदा शांतपणे ऐका आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ऊसतोडीच्या पट्ट्यात असाल, तर मुलीचं अचानक गप्प होणं म्हणजे तिला लग्नासाठी बघायला घरी पाहुणे येऊन गेले असण्याची शक्यता धरून चाला.

दोन साध्या गोष्टी त्या मानानं पटकन उरकतात. फळ्याजवळ सरकून बसणाऱ्याचे डोळे तपासून घ्या. आणि वाचायची पाळी आली की हटकून दंगा करणाऱ्याला एकटा असताना वाचायला लावा. अनेकदा अक्षरंच लागत नसतात. मुलीत आठच्या आधी किंवा मुलग्यात नऊच्या आधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा अनुक्रमे तेरा आणि चौदा उलटूनही काहीच दिसलं नाही, तर पालकांना डॉक्टरकडे पाठवा.

सोमवारी हे सगळं एकदम करू नका. टेप लावा आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांत त्रासदायक मुलाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन आठवडे रोज एक ओळ : आज कधी बिनसलं, तेव्हा कोण बघत होतं, त्याआधी जेवला होता का. दोन आठवड्यांच्या ओळी झाल्यावर त्याच्या पालकांशी बोला, त्याआधी नको.

तो ढोलकीवाला मुलगा नववीत असताना स्नेहसंमेलनाच्या तालमीला आपणहून आला आणि म्हणाला, ‘बाई, यंदा मी गाऊ का?’ पेटीवरच्या सरांनी मुलींच्या सवयीची, वरची पट्टी काळी चार धरली. त्यानं मान हलवली, जवळ जाऊन खालच्या काळी एकवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘सर, आता इथून.’